पांढरं म्हणजे काही नाही

मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की आई सांगायची, "दवाखान्यात असते." एवढंच. ऐकणाऱ्याला डॉक्टर वाटला तर वाटू द्यायचा, कंपाउंडर वाटला तरी चालायचं, पण नर्स हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. वडील रेल्वेत गार्ड होते, छत्तीसगडात चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर. त्यांना कशाचीच लाज नव्हती. ते सरळ म्हणायचे, "आमचं पोट्टं सिस्टर आहे," आणि समोरचा हसेपर्यंत थांबायचे. पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण ब्रदरवर कोणी हसत नाही.

नर्सिंगला मी सेवाभावानं गेलो असं निरोप समारंभात सांगतात. माझ्याही निरोप समारंभात सांगितलं. खरं असं की दुर्गला लॅब टेक्निशियनचे फॉर्म मिळत होते, आणि मी शेजारच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीशी पोचल्यावर कळलं. पण तोवर ऊन इतकं चढलं होतं की पुन्हा मागून उभं राहण्यापेक्षा नर्स होणं सोपं वाटलं.

नोकरी लागली ती दुर्ग आणि भिलाईच्या मधल्या एका लहान धर्मादाय हॉस्पिटलात. मोठ्या कारखान्याच्या माणसांना त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल होतं. आमच्याकडे यायचे ते उरलेले. आजूबाजूच्या लहान लहान री-रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली राबणारे, अहिवाऱ्याकडचे खाणीतले, खेड्यांतले शेतकरी. कॅन्सरचा वेगळा वॉर्ड होता, म्हणजे मागचा व्हरांडा जाळी लावून बंद केला होता. बहुतेकांना तोंडाचा. दातांना घासतात ती गुडाखू, तंबाखू, खर्रा, ज्याचं जे असेल ते. ऑपरेशन, किरणांचा शेक वगैरे सगळं रायपूरला किंवा नागपूरला व्हायचं. त्यानंतर जे काही उरायचं ते आमच्याकडे यायचं.

तिथं मी बधिर झालो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पहिले काही महिने जेवण जायचं नाही, मग जायला लागलं, मग जास्तच जायला लागलं. सकाळी एखाद्याच्या गालाचं भोक धुवायचं, त्यात गॉज भरायचा, आणि हात धुऊन आलूगुंडा, म्हणजे तिकडचा बटाटेवडा, खायचा, वर हिरवी चटणी. आई म्हणायची, तब्येत सुधारली पोराची.

आमची मेट्रन केरळची. पांढरी साडी, आवाज असा की पेशंट उठून बसायचे, ज्यांना उठता यायचं नाही तेसुद्धा. ती दक्षिणेत कुठंसं एक ट्रेनिंग करून आली आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली.

"ब्रदर, बुखार नापता है ना?"

"नापता हूँ, मैडम."

"बीपी नापता है?"

"जी."

"तो दर्द क्यों नहीं नापता? दर्द को रोज लिखना है. तुम करेगा."

"मैं ही क्यों?"

"तुम्हारा हैंडरायटिंग अच्छा है."

माझी संशोधनाची कारकीर्द अशी अक्षरामुळे सुरू झाली आणि निवृत्त होईपर्यंत चालली. कॅन्सर बरा करणारे लोक वेगळे, त्यांचे फोटो येतात. आम्ही मधल्या गोष्टींचे. उलटी किती वेळा झाली, तोंडातले छाले घासाला आड येतात का, पोट साफ होतं का, झोप लागते का, आणि दुखणं, दुखणं किती. जन्मभर मी लोकांना 'किती' विचारत आलो.

मेट्रनचे नियम दोन होते. पहिला असा की पेशंट सांगेल तीच वेदना. डॉक्टरला काय वाटतं, नातेवाइकाला काय वाटतं, ते धरायचं नाही. दुसरा असा की 'दुखतं का' असं विचारायचं नाही. पांढऱ्या कोटातल्या माणसानं काहीही विचारलं तरी आमचे पेशंट 'हौ' म्हणून मान हलवायचे. जेवले का, हौ. उपाशी आहात का, हौ. म्हणून 'किती' विचारायचं, आणि उत्तर त्याच्या तोंडात घालायचं नाही. दोन्ही नियम चांगलेच होते. पुढं मी ते कितीतरी मुलींना शिकवले.

बोलणाऱ्यांचं सोपं होतं. थोडं, बहुत, मरणाचं, असं काहीतरी सांगायचे. पण ज्यांची जीभच गेली त्यांना किती कसं विचारणार? लिहायला अक्षर येत नव्हतं. मग माझं डोकं चाललं. माझं डोकं चाललं की आई देवापुढं दिवा लावायची.

सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याची वीतभर पट्टी कापली आणि तिच्यावर पाच चौकोन रंगवले. एका टोकाला पांढरा, मग पिवळा, नारंगी, लाल, आणि दुसऱ्या टोकाला काळपट लाल, वाळलेल्या रक्तासारखा. पांढरं म्हणजे काही नाही, कोरा कागद. लाल म्हणजे धोका, आणि काळपट लाल म्हणजे संपलंच. माझ्या डोक्यात यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मी रेल्वे कॉलनीत वाढलो. चालायच्या आधी मला सिग्नल समजत होता.

घरी पट्टी वडिलांना दाखवली. ते खाटेवर बसून मोजे वाळत घालत होते.

"हिरवा कुठं आहे?"

"हिरवा नाही, बाबा. दुखण्याला हिरवा नसतो."

"मंग गाडी सुटन कशी?"

"गाडीचं नाही हे. वेदनेचं आहे."

"लाल हाय ना त्यात? मंग गाडीचंच हाय," असं म्हणून त्यांनी पट्टी परत दिली. मेट्रन मात्र खूष झाली. तिनं पट्टीला भोक पाडून दोरी बांधली आणि माझ्या गळ्यात घातली; बोलणाऱ्यांनाही आता हीच दाखवायची म्हणाली.

त्याच सुमारास वॉर्डात काका आले, म्हणजे मी त्यांना काका म्हणायचो. भंडाऱ्याकडचा माणूस, पन्नाशीचा, उंच. बरीच वर्षं एका री-रोलिंग मिलमध्ये चिमटा धरायला होते. रोलमधून तापलेली सळई सापासारखी बाहेर येते, ती चिमट्यानं पकडायची आणि वळवून पुढच्या रोलमध्ये घालायची, हे काम. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एक केस नव्हता. रायपूरला ऑपरेशन झालं होतं. जीभ आणि अर्धा जबडा गेला होता, नाकात नळी होती. अक्षर सहीपुरतं, आणि हात थरथरायला लागल्यापासून तेही नाही. बरोबर बायको. मी मराठी बोललो तसा तिनं पदर सावरला.

"आपल्याकडचे हाय का तुमी?"

"चरोद्याचा, मावशी. मूळ नागपूरकडचे."

"बरं झालं बाप्पा. इथं मले कोनाचंच समजत नाई अन् माझं कोनाले." मग नवऱ्याकडे वळून मोठ्यानं, जसं काही त्यांचे कान कापले होते, "आपला मानूस भेटला हो."

मी गळ्यातली पट्टी काढून काकांपुढं धरली. "काका, जेवढं दुखतं तेवढा रंग दाखवा." बस, इतकंच म्हणालो. कुठलं टोक कशाचं ते सांगितलं नाही. सांगितलं तर उत्तर तोंडात घातल्यासारखं होईल असं वाटलं. आणि खरं तर सांगायची गरजच वाटली नाही, लाल म्हणजे काय ते कुणाला कळत नाही?

काकांनी पट्टी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे असं पाहिलं की इतक्या दवाखान्यांत फिरून शेवटी एक समजदार भेटला. आणि अंगठा नेऊन पांढऱ्यावर ठेवला.

"वा," मी म्हणालो. "छान." आणि लिहिलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी पांढरं, तिसऱ्या दिवशीही पांढरं. मी प्रत्येक वेळी हसून मान डोलवायचो. पेशंटला उत्तेजन द्यावं असं मेट्रन म्हणायची.

"भाऊ," मावशी एकदा म्हणाली, "लय दुखून राहिलं त्यायले. सारी रात पाय घासून राहिले."

"पण मावशी, काका तर काही नाही म्हणून राहिले."

"कवा म्हनले?"

"हे काय, रोज दाखवतात. आता तुम्ही म्हणाल म्हणून कसं लिहू? त्यांच्या तोंडचं आपण नाही बोलायचं."

"त्यायच्या तोंडात हाय काय आता, भाऊ?"

माझ्याकडे नियम होता. ऑपरेशननं चेहऱ्याची एक बाजू ओढली गेली होती, त्यामुळे काका नेहमीच वेदनेत असल्यासारखे दिसायचे; दिसण्यावर जायचं नाही, असं मी तिला समजावलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुमी शिकले-सवरले," आणि काकांचं पांघरूण सारखं करायला लागली. ते सारखंच होतं.

मोठे डॉक्टर राउंडला आले की आधी माझा चार्ट पाहायचे. चांगले होते, घाईत असायचे. मॉर्फिनचा परवाना लांबून, कितीतरी सह्या होऊन यायचा. दोन कुलपांच्या कपाटातली बाटली संपली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून ज्याला लागेल त्यालाच द्यायची. काकांचा चार्ट त्यांनी पाहिला आणि दिवसाचं इंजेक्शन बंद केलं. मग रात्रीचंही. मग साध्या गोळ्या कुटून नळीतून.

काका पांढऱ्यावर अंगठा दाबायचे. आधी ठेवायचे, आता दाबायचे, पुठ्ठा वाकेपर्यंत. तो चौकोन अंगठ्यानं मळून करडा झाला, तेव्हा मी घरी नेऊन पुन्हा पांढराशुभ्र रंगवला. पुढं पुन्हा मळला, पुन्हा रंगवला. त्या काळात मी किती नीटनेटका होतो.

मग त्यांनी बोट लावणंच सोडलं. पट्टी पुढं केली की भिंतीकडे तोंड. मी लिहिलं, सहकार्य नाही.

दरम्यान माझ्या संशोधनाला शिंगं फुटली. पट्टीवाले पेशंट बरेच जमले होते. मी वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून बसलो असताना दिसलं की शेतकरी, घरच्या बाया, दुकानदार हे नारंगी दाखवतात, लाल दाखवतात, आणि मिलमधले? पांढरं, नाहीतर पिवळं. एकजात. मी उठून मेट्रनकडे गेलो. माझ्या आयुष्यातला हा एकच शोध. आयुष्यभर आगीजवळ काम केलेल्या माणसाला वेदना कमी होते. त्याचं अंग बोथट होतं.

"ब्रदर," मेट्रन म्हणाली, "तुम तो सायंटिस्ट बन गया."

तिनं नागपूरच्या एका नर्सेसच्या संमेलनात माझं नाव घातलं. मी निघायच्या आदल्या दिवशी काकांना घरी सोडलं. दुखणं नाही, जखम कोरडी, पलंग हवा होता. गेटाशी मावशी गाठोडं घेऊन उभी होती.

"भाऊ, ते सुई देत होते तसं कायी नाई का पियाचं?"

"गरज नाही म्हणाले डॉक्टर. या गोळ्या द्या, मावशी."

"ह्यानं होत नाई."

"होईल."

मी रिक्षा पाहून दिली, काकांना दंडाला धरून चढवलं. त्यांचं अंग लाकडासारखं ताठ होतं. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, घरी जाताहेत याचा आनंद झाला असेल, माणूस अबोल आहे. अबोल! जीभच नव्हती. पण मी हे असंच मनात म्हणालो होतो, ते आठवतं.

नागपूरला वडील पासावर माझ्याबरोबर आले आणि शेवटच्या रांगेत बसून झोपले. मी हिंदीत वाचलं. आगीजवळचा माणूस, बोथट अंग, वगैरे. बायका वाकून वाकून लिहून घेत होत्या. टाळ्या झाल्या, एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. वडील जागे होऊन म्हणाले, "झालं का?" आम्ही इतवारीतून चिवडा घेतला आणि रात्रीच्या गाडीनं परतलो.

परतल्यावर एक-दोन दिवसांनी सकाळी मी पडद्यामागं एकाचं ड्रेसिंग करत होतो. पडद्यापलीकडे बाकावर दोघे बसले होते. एक रोलिंग मिलचा, घशाचा पेशंट, आवाज घोगरा पण शाबूत. दुसरा त्याच्याच मोहल्ल्यातला, तपासायला आलेला. माझी पट्टी टेबलावर पडली होती, ती त्या घोगऱ्यानं उचलली असावी.

"ये ब्रदर के पट्टा देखे हस?"

"का हे एमा?" काय आहे यात, असं दुसऱ्यानं विचारलं.

"हमारे मिल का है पूरा. ये देख. सफेद, माल अभी भट्टी से निकला. ये पीला, चला दो जल्दी. ये लाल हो गया, अब कौन बेलेगा इसको? ठंडा माल. वापस डालो."

"अउ ये करिया लाल?"

"वो तो चाय पीने जाओ."

दोघे हसले. घोगऱ्याचं हसणं खोकल्यात गेलं. मग तपासायला आलेल्यानं त्याचं दुखणं किती ते विचारलं, "त तोर पीरा कतका हे?"

"मोर? पीला समझ ले. वो चिमटावाला था ना, नाक में नली, उसका रोज सफेद रहता था. सफेद समझता है? और ये ब्रदर सामने खड़ा होके बोलता था, वा, वा."

कपाळावर हात मारला, पायाखालची जमीन सरकली, असं इथं लिहिलं तर शोभेल. तसलं काही झालं नाही. मी गॉज नीट बसवला, वर चिकटपट्टी लावली, एक कडा उचलली होती ती पुन्हा दाबली. हात धुतले. कँटीनला जाऊन चहा घेतला आणि आलूगुंडा, चटणी संपली होती म्हणून नुसताच. खाताना मनात हिशेब उलटा होत होता. एकेक नाव येत होतं आणि उलटं होऊन पडत होतं. मला काय वाटलं असं पुढं पुष्कळांनी विचारलं, मी हा किस्सा शिकवताना सांगतो म्हणून. काही वाटलं नाही. दाताला भूल दिल्यावर गाल असतो पण आपला नसतो, तसं. आणि आलूगुंडा कच्चा होता.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेलो.

"सर, वो चार्ट उलटा है."

"किसका?"

"मिलवालों का. सबका. वो लोग सफेद को सबसे गरम समझते हैं. मतलब, होता ही है."

त्यांनी चष्मा काढला. खिडकीबाहेर मिलची धुरांडी दिसत होती. ती इतकी वर्षं तिथंच होती.

"नागपुर में पढ़ आए?"

"पढ़ आया, सर."

"तालियाँ?"

"बजीं."

"हूँ," ते म्हणाले. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी वॉर्डातल्या मिलवाल्यांचे कागद मागवले आणि एकेकावर नव्यानं डोस लिहिला. ते झाल्यावर म्हणाले, "और वो? चिमटावाला?"

"घर भेज दिया."

"जिंदा है?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी स्वतः कपाट उघडलं, पातळ औषधाची तपकिरी बाटली काढली, चिठ्ठी लिहिली, दोन ठिकाणी सही केली. "अभी जाओ. माफी-वाफी बाद में माँगना."

सायकल काढली. काका राहायचे हुडको कॉलनीतल्या दुकानांमागं, भाड्याच्या दोन खोल्यांत. दुपार होती. डांबर मऊ झालं होतं, चाकांचा चिकट आवाज येत होता. रस्ताभर मी मावशीला काय सांगायचं ते जुळवत होतो. पहिलं वाक्य हिंदीत जमायचं आणि मराठीत जमायचं नाही. एकदा वाटलं, घर सापडू नये. सायकल दुरुस्तीच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "वो नली वाले? यहीं पीछे." आहेत की होते, हे त्याच्या बोलण्यावरून कळलं नाही.

होते. खाटेवर कुशीवर, गुडघे पोटाशी, ओला गमछा दोन्ही मुठींत पिळून धरलेला. डोळे उघडे. मी दारात आलो तर माझ्या गळ्याकडे पाहिलं, पट्टी आहे का ते. होती. त्यांनी डोळे मिटले.

मावशी चुलीपासून उठली.

"मावशी," मी म्हणालो, "ते पांढरं..."

"काय पांढरं?"

"काका पांढरं दाखवत होते ना, ते मला..."

"तुमचं पांढरं-लाल तुमच्याजौळ ठेवा," ती म्हणाली. "त्या शिशीत काय हाय?"

"औषध. ते सुईवालं, प्यायचं."

"मंग देऊन राहा ना. उभे कावून?"

मी नळीतून औषध दिलं, मागून पाणी दिलं. मग खाटेच्या पायाशी जमिनीवर बसलो. बाहेर दुकानात कोणी रिमवर हातोडी मारत होतं. काकांच्या हाताकडे पाहत राहिलो, करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मावशीनं चहा केला. मला दिला, की सवयीनं दोन कप झाले म्हणून दिला, कोण जाणे. चहा संपला, कप थंड झाला, आणि मग कधीतरी गमछ्याचं एक टोक सुटून खाली आलं. थोड्या वेळानं दुसरं. गुडघे हळूहळू खाली सरकले, जसा एखादा अडकलेला दरवाजा आपणहून उघडतो. श्वास लांब व्हायला लागला.

आणि माझा हात आपसूक पट्टीकडे गेला. पहिला डोस, औषध चढलेलं, आत्ताच विचारलं तर किती उतरलं ते कळेल. या वेळी टोकं नीट सांगून विचारणार होतो. काका जागे होते अजून, अर्धवट. मी पट्टी गळ्यातून काढली.

मावशीनं माझं मनगट धरलं. तिचा हात ओला होता, कणकेचा.

"विचारू नका भाऊ," ती हळूच म्हणाली. "द्या नुसतं."

मी पट्टी खिशात घातली.

त्यानंतर ड्यूटी संपली की रोज हुडकोला जायचो. नळीतून औषध द्यायचं, जखम पाहायची, बसायचं. मेट्रननं काही दिवसांनी आकडे मागितले. मी सांगितलं, विचारत नाही. "रिसर्च कैसे होगा?" ती म्हणाली. नाही होणार, म्हटलं. ती चिडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं काकांसाठी गाळलेल्या पेजेचा डबा माझ्या सायकलला अडकवून दिला. संमेलनाच्या आयोजकांना मी लिहून कळवलं की माझा निष्कर्ष उलटा आहे. उत्तर आलं नाही. पुढल्या वर्षी दुसऱ्या गावची एक सिस्टर भेटली, म्हणाली, "सर, आमच्या वॉर्डात पण तुमचंच खरं निघालं, भट्टीवाल्यांना कमी दुखतं." मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं लिहून घेतलं. काय लिहून घेतलं ते पाहायला हवं होतं.

काका पाऊस लागायच्या आत गेले, दुपारी, झोपेत. मी पोचलो तेव्हा अंगणात लोक जमले होते आणि कोणीतरी मला बाजूला व्हा म्हणालं, वाट द्या. मी वाट दिली. उरलेली बाटली परत नेऊन कपाटात ठेवली, सही केली.

त्या आधीचा एक दिवस सांगतो. मी गेलो तर काका खाटेवर नव्हते. दुकानापुढं खुर्ची टाकून बसले होते, नाकात नळी, खांद्यावर कोरडा गमछा. समोर सायकलवाला आणि त्याचे तिघे गिऱ्हाईक कॅरम खेळत होते, बोर्डाखाली उलटी केलेली बादली. वेळ झाली होती, उशीरच झाला होता म्हणा. मी पिशवीतून बाटली काढली. काकांनी पाहिलं आणि तळहात माझ्याकडे केला. थांब.

"काका, दुखायला लागेल."

तळहात तसाच. औषध घेतलं की झोप यायची, आणि डाव रंगात आला होता. बोर्डावरून नजर न काढता त्यांनी दुसऱ्या हातानं मला बाजूच्या विटांकडे दाखवलं, बस म्हणून. मी बसलो. सायकलवाल्याचा स्ट्रायकर घसरून भलतीकडे गेला तेव्हा काकांच्या घशातून काहीतरी आवाज आला. "देखो, चाचा भी हँस रहे हैं तेरे पे," एक जण म्हणाला.

मी बाटली मांडीत घेऊन बसून राहिलो. सोंगट्या संपायला बराच वेळ लागला. काकांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळायला लागली होती, तरी ते उठले नाहीत. राणी कोणी घेतली ते आता आठवत नाही. शेवटची सोंगटी भोकात गेल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून मान हलवली, आणि मी औषध मोजायला घेतलं.